बाई उठल्या तेव्हा

“जंप नहीं. आवाज नहीं. ऐसे, धीरे से,” म्हणत नाझिमनं हाताचा पंजा हवेतून अलगद खाली नेऊन दाखवला. सकाळपासून चौथ्यांदा.

“समजलं का रे?” बाईंनी विचारलं.

“हो बाऽई!” आम्ही अकरा जण एका सुरात ओरडलो.

नाझिमनं कपाळाला हात लावला. त्या बिचाऱ्याचं तरी काय चुकलं? मालदीवच्या समुद्रात आयुष्य काढलेला बोटवाला तो. त्यानं गोरे पाहुणे बघितले होते, चिनी बघितले होते. कराडच्या शाळेतली आठवी ब पहिल्यांदाच बघत होता. तीही चाळिशी ओलांडलेली, केशरी लाइफ जॅकेटं घातलेली, आणि कुणाच्या कानाला सकाळी चोळलेलं खोबरेल तेल अजून चमकतंय अशी.

बाई म्हणजे आमच्या कालेकर बाई. शरयू कालेकर, सामान्य विज्ञान. तेव्हा त्यांना सदुसष्टावं लागलं होतं. सहल त्यांच्यासाठीच काढलेली होती. मासा आम्हाला दिसला काय आणि न दिसला काय, बाईंना दिसला पाहिजे, एवढं कराडातून निघतानाच ठरलं होतं. मासा म्हणजे व्हेल शार्क. जगातला सगळ्यात मोठा. तो एकदा बघायचाय, असं बाईच म्हणाल्या होत्या.

अडचण अशी होती की आदल्या वर्षी बाईंच्या हृदयाला स्टेंट बसवला होता. डॉक्टर पाण्यात उतरायला नाहीच म्हणत होते. बाईंनी त्यांच्याशी दोन महिने वाद घातला. शेवटी डॉक्टर म्हणाले, “एकदाच. जॅकेट घालून. पंधरा मिनिटं. दम लागला की बाहेर.” बाईंच्या पुण्यातल्या मुलानं तेवढ्यावर होकार दिला होता. दुसऱ्या दिवशी आमचं विमान होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते आज, आणि एकदाच.

सहलीची सूत्रं रेहानाकडं होती. रेहाना मुल्ला आमची वर्गप्रमुख. आता तिचं औषधाचं दुकान आहे, पण फळ्यावर बडबड्यांची नावं लिहायची सवय काही गेलेली नाही. बाईंच्या गोळ्यांचा पाऊच तिच्या गळ्यात होता आणि घड्याळ हातात.

“हणमंत, तू बाईंच्या डाव्या बाजूला. बबन, तू मागं बस. बोट एकीकडं झुकते तुझ्यामुळं.”

“झुकते म्हणजे? मी काय हत्ती आहे का?” बबन थोरात म्हणाला. साखर कारखान्यात काट्यावर असतो तो, ट्रकांची वजनं करतो. स्वतः मात्र वीस वर्षांत काट्यावर उभा राहिलेला नाही.

हणमंत म्हणजे मी. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि तोंड जरा फटकळ आहे. लहानपणापासूनच. त्याच तोंडामुळं आम्ही त्या बोटीत होतो, ते पुढं सांगतो.

आधी आमची एक खोड सांगायला हवी. बाई उठल्या की आम्ही उठतो. शाळेत बाई वर्गात आल्या की उभं राहायचं, तास संपून खुर्चीवरून उठल्या की उभं राहायचं, त्या ‘बसा’ म्हणाल्या की बसायचं. ते हाडात मुरलंय. इतकी वर्षं झाली, पोरंबाळं झाली, बबनला जावई यायचा झाला, तरी बाई खुर्चीवरून हलल्या की आमचे गुडघे आपोआप सरळ होतात. विमानतळावर बाई पाण्याची बाटली आणायला उठल्या आणि आम्ही अकरा जण ताडकन उभे. लोकांना वाटलं विमान लागलं. चार बायका बॅगा घेऊन पळाल्यासुद्धा. गेस्ट हाउसमध्ये नाश्त्याला तेच. बाई चहात साखर घ्यायला उठल्या, अकरा खुर्च्या एकदम करकरल्या, वाढणाऱ्या पोरीच्या हातातला ट्रे खाली पडला.

“अरे बसा रे! मी काही मुख्यमंत्री नाही,” बाई प्रत्येक वेळी वैतागून म्हणायच्या. पण त्यांना मनातून बरं वाटायचं. ओठाचा एक कोपरा वर जायचा, तो आम्हाला आठवीपासून पाठ आहे.

साडेदहाच्या सुमाराला टपावर उभा असलेला नाझिमचा माणूस ओरडला. इंजिन मंद झालं. उजव्या बाजूला, वीस-पंचवीस हातांवर, पाण्याखाली एक लांबच्या लांब काळी सावली होती. आमच्या दुकानापुढं उभी राहते ना एसटी, तेवढी वाटली मला.

“बच्चा है,” नाझिम कुजबुजला. “छोटा है, शरमाता है. पहले मॅडम.”

बाईंनी पाण्यातला चष्मा डोळ्यांवर ओढला, नळी तोंडाजवळ धरली. आम्ही सगळे उजवीकडच्या बाकावर दाटीवाटीनं बसून माना लांब करत होतो. नाझिमनं हात पुढं केला.

बाई उठल्या.

आता यात माझा पहिला नंबर होता, हे मी कबूल करतो. मी ठरवून काही केलं नाही हो! पण गुडघे कुणाचं ऐकतात? मी उभा राहिलो, माझ्या शेजारची उभी राहिली, तिच्या शेजारचा उभा राहिला आणि सगळ्यात शेवटी बबन उभा राहिला. अकरा माणसं, एकाच बाजूला, एकाच क्षणी. बोट अशी कलली की नाझिमनं बाईंना धरून मागं ओढलं आणि बबन सरळ पाण्यात. कृष्णेच्या घाटावरून म्हैस उतरावी तसा. पाणी टपापर्यंत उडालं. त्यात कुणीतरी किंचाळलं, कुणीतरी “धरा, धरा!” केलं.

पाणी शांत झालं तेव्हा खाली नुसतं निळं होतं. सावली नव्हती.

“गया,” नाझिम म्हणाला. “बहुत नीचे गया. अब नहीं आएगा.” आणि त्याच्या भाषेत आणखी बरंच काही म्हणाला. ते समजलं नाही हे बरंच झालं.

बबनला चौघांनी ओढून वर घेतला. “मी पडलो नाही, मला पाडलंय,” तो ठसकत म्हणाला.

“पहिलं कोण उठलं?” रेहानानं विचारलं. आवाज तोच, आठवीतला.

मी हात वर केला. काय करणार?

“शाबास, हणमंत,” ती म्हणाली, आणि बाईंकडं वळली. बाई पुढच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर जाऊन बसल्या होत्या. चष्मा कपाळावर सरकवून त्या पाण्याकडं बघत होत्या. रागावल्या असत्या तर चाललं असतं. ‘बसा रे’ म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

त्यानंतर तीन तास बोट नुसती फिरत राहिली. ऊन डोक्यावर आलं. दोन जण उलट्या करून आडवे झाले. दुपारी रेहानानं कराडातून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. नाझिमला पण दिली. चटणीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण राग जरा उतरला. चार वाजता परत फिरायचं, असं त्यानं स्पष्ट सांगितलं.

मी दशमी घेऊन बाईंच्या पायाशी जाऊन बसलो.

“बाई, माफ करा.”

“खा आधी.”

“आजचं नाही म्हणत. म्हणजे आजचंही. पण ते आठवीतलं.”

बाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना आठवत असणार, हे मला माहीत होतं. आठवीत चाचणी परीक्षेत प्रश्न होता, जगातील सर्वात मोठा मासा कोणता. मी लिहिलं देवमासा. बाईंनी लाल फुली मारली. वर्गात सांगितलं, देवमासा हा मासाच नाही. त्याला फुप्फुसं असतात, कल्ले नसतात. सर्वात मोठा मासा व्हेल शार्क. नावात व्हेल असलं तरी त्याला कल्ले आहेत, म्हणून तो मासा. झालं, माझं डोकं सटकलं. ज्याच्या नावातच मासा आहे तो मासा नाही, आणि ज्याच्या नावात व्हेल आहे तो मासा? मी उभा राहिलो आणि म्हणालो, “बाई, तुम्ही बघितलाय का?”

वर्ग गार पडला. तेव्हा बाईंना असं कुणी विचारत नसे. बाईंनी मान खाली घालून हातातल्या खडूकडं बघितलं. मग म्हणाल्या, “नाही.” बस, तेवढंच.

दुसऱ्या दिवसापासून बाई फळ्यावर काही शब्दांपुढं खडूनं एक बारीक गोल काढायला लागल्या. ज्वालामुखी, आणि पुढं गोल. हिमनदी, पुढं गोल. “ज्याच्यापुढं गोल आहे ते मी पाहिलेलं नाही, पुस्तकात वाचलेलं आहे,” असं त्यांनी सांगून टाकलं. पोरांनी त्याचं नाव ठेवलं हणम्याचा भोपळा. दहावीपर्यंत फळ्यावर माझा भोपळा निघत होता. प्रत्येक गोल बघताना मला वाटायचं, भर वर्गात बाईंना खाली बघायला लावलं आपण आणि त्या ते विसरलेल्या नाहीत.

हे सगळं मी त्या दिवशी बोटीत बोलून टाकलं. अठ्ठावीस वर्षं पोटात होतं. दशमी हातात तशीच राहिली.

बाई हसायला लागल्या. आधी बारीक, मग मोठ्यानं, इतक्या की रेहाना पाऊच उघडून धावत आली.

“काही नाही ग, मी ठणठणीत आहे. हा बघ काय म्हणतोय.” बाईंनी पदरानं डोळे पुसायला हात नेला, आणि अंगावर साडी नसून पंजाबी ड्रेसवर जॅकेट आहे हे लक्षात येऊन तो तसाच खाली आणला. “अरे वेड्या, त्या दिवशी घरी जाऊन मी वहीत गोल काढून मोजले होते. मी शिकवत होते त्यातल्या किती गोष्टी मी पाहिल्या नव्हत्या, माहितीय? एक्केचाळीस. कोळशाची खाण पाहिली नव्हती. बर्फ पाहिला नव्हता. साधं कोयनेचं वीजघर, घरापासून दीड तासावर, तेसुद्धा नाही. वर्गात मात्र सगळं ठणकावून सांगत होते.”

“मग?”

“मग काय, सुरुवात वीजघरापासून केली. आमच्या ह्यांना वाटलं मला वेड लागलं. दर वर्षी एक, कधी दोन. गीरचा सिंह पाहिला, खाणीत उतरले, मनालीला बर्फात घसरून पडले. एकसष्टाव्या वर्षी नगरपालिकेच्या तलावात पोहायला शिकले, पोरी हसायच्या मला. तू विचारलं नसतंस तर मी कराडातून हलले नसते, हणमंत. निवृत्त होऊन जपमाळ ओढत बसले असते.” त्या थांबल्या. पाण्याकडं बघत म्हणाल्या, “पण पहिला गोल होता तो हाच. तो तेवढा राहिला.”

बबन मागून ऐकत होता, त्यानं नाक शिंकरलं आणि समुद्राचं पाणी नाकात गेलंय, असं उगाचच सगळ्यांना सांगितलं.

सव्वातीनला टपावरचा माणूस पुन्हा ओरडला.

सकाळचाच होता की दुसरा, कोण जाणे. यावेळी डाव्या बाजूला होता, जवळ, आणि अगदी संथ. नाझिमनं इंजिन बंद करायला लावलं आणि आमच्याकडं वळून तीन बोटं दाखवली.

“तीन आदमी. बस. मैं, मॅडम, और एक. बाकी कोई हिलेगा नहीं. हिला तो मछली गया.”

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. खोटं कशाला बोलू, प्रत्येकाला जायचं होतं. बबननं तर सहा महिने पाव-वडा सोडला होता या एका दिवसासाठी. गोरीमोरी तोंडं झाली सगळ्यांची. रेहाना बाईंबरोबर जाणार, असं मी धरून चाललो होतो, गोळ्या तिच्याकडं होत्या.

रेहानानं गळ्यातला पाऊच काढला आणि माझ्या गळ्यात अडकवला.

“तू जा.”

“मी? सकाळी घाण कुणी केली?”

“ज्यानं विचारलं त्यानं जायचं,” ती म्हणाली. “पंधरा मिनिटं. मी इथून घड्याळ लावते. आणि हणमंत, पाण्यात तरी तोंड बंद ठेव.”

“जा की लेका,” बबन कुजबुजला, “बघत काय बसलास?”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. नाझिमनं हात पुढं केला.

बाई उठल्या.

कुणीही उठलं नाही. दहा माणसं बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. बबननं तर डोळेच मिटून घेतले होते आणि त्याचे गुडघे थडथड उडत होते. बाईंनी एकदा मागं वळून बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्या उठल्या होत्या आणि त्यांची पोरं बसून होती. त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मग शिडीची एकेक पायरी उतरत, काडीचाही आवाज न करता, त्या पाण्यात गेल्या. त्यांच्यामागून मी.

डोकं पाण्यात घातलं, तर तो आमच्या खालीच होता. काळसर पाठ, त्यावर पांढरे ठिपकेच ठिपके, अंगणात ठिपक्यांची रांगोळी मांडावी तसे, आणि पुढं दाराएवढं रुंद तोंड. ह्याला नाझिम बच्चा म्हणत होता! शेपटी सावकाश या अंगाला, त्या अंगाला. आमच्याकडं त्यानं ढुंकूनही बघितलं नाही. बाईंचा हात माझ्या हातात होता. त्यांना दम लागला का, म्हणून मी त्यांच्याकडं बघितलं. चष्म्याच्या काचेमागं बाईंचे डोळे एवढे मोठे झाले होते, आणि भीतीचं नावसुद्धा नव्हतं त्यात.

मग बाईंनी काय करावं? त्यांनी माझा पंजा उघडला आणि माशाच्या डोक्यामागं बोट दाखवलं. तिथं कातडीला उभ्या चिरा होत्या. मासा पुढं सरकत होता तशा त्या चिरा उघडत होत्या, मिटत होत्या. बाईंनी माझी करंगळी दुमडली. मग तिच्या शेजारचं बोट. मग मधलं. एकेका चिरेला एकेक बोट, अंगठ्यापर्यंत. पाच कल्ले. माझी मूठ मिटली तशी त्यांनी ती स्वतःच्या दोन्ही हातांत धरली आणि गदगदा हलवली. बघ, कल्ले आहेत, मासाच आहे, असं त्या मला समुद्राच्या मध्यावर शिकवत होत्या. मी मान हलवली. समजलं बाई, आता समजलं. माझ्या चष्म्यात पाणी साचलं होतं, ते समुद्राचं नव्हतं.

मासा हळूहळू खोल गेला. ठिपके दिसेनासे झाले. बाई तरी खालीच बघत राहिल्या. शेवटी नाझिमनं खांद्याला हात लावला.

मी खालून आधार दिला आणि बाई शिडीनं वर चढल्या. दम लागला होता, पण ओठ गुलाबी होते, रेहानानं ते आधी बघितलं. बोटीवर दहाच्या दहा जण तसेच बसलेले. बाकाची कड अजून सोडलेली नाही. कुणी विचारायलासुद्धा तोंड उघडेना, न जाणो मासा अजून खाली असेल.

बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. अंगावरून पाणी गळतंय, पांढरे केस कपाळाला चिकटलेत, चष्म्याचा गोल वळ गालावर उठलाय.

“बाई,” बबननं हळूच विचारलं, “पाहिलात?”

“पाहिला,” बाई म्हणाल्या. त्यांनी एकदा खाकरून घसा साफ केला, तास सुरू करायच्या आधी करायच्या तसा. “पाहिला. पाच कल्ले आहेत. हणमंतानं मोजलेत.”

कुणी हललं नाही. रेहाना रडत होती, तीही हलली नाही.

बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत.

“आणि हे काय? बाई उभ्या आहेत आणि वर्ग बसलाय? शिस्त कुठं गेली?”

दहाही जण ताडकन उठले. मी शिडीवरून वर येऊन त्यांच्यात उभा राहिलो. बोट पुन्हा कलली, भांडी गडगडली, नाझिम दोन्ही हातांनी दोर धरून त्याच्या भाषेत बोंबलायला लागला. आम्ही एकमेकांच्या खांद्याला धरलं, आणि कुणी सांगितलं नाही, ठरवलं नाही, पण तोंडातून सूर निघाला तो आठवीतलाच.

“न-म-स्ते बाऽऽई!”

बाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

‘बसा’ म्हणायचं मात्र त्या दिवशी त्या विसरल्या. नाझिम विनवण्या करत राहिला, बोट डुलत राहिली, पण बेटाचा धक्का लागेपर्यंत आम्ही अकरा जण उभेच होतो.